पिसिलाबाईंना आठवत नव्हतं

पिसिलाबाईंच्या वर्गात हसू फुटलं नाही असा दिवस सहसा जात नसे. बेटावरच्या नुकुआलोफा शहरात, त्या चर्चमागच्या हॉलमधला पंखा फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. खाली चटयांवर वीसेक बायका, मांडीवर वह्या, आणि समोर खुर्चीत पिसिलाबाई. चौपन्न वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. ऑकलंडच्या वृद्धाश्रमात एकोणीस वर्षं परक्या म्हाताऱ्यांची उठबस करून त्या घरी परत आल्या होत्या, आणि आता स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन कसं सांभाळायचं, ते बायकांना सहा आठवड्यांत शिकवत होत्या.

उठवताना काखेत हात कसा घालायचा, घास गिळलाय की गालात साठवलाय ते कसं ओळखायचं, एकाच प्रश्नाला चाळिसाव्या वेळी पहिल्यासारखं उत्तर कसं द्यायचं, सगळं त्या करून दाखवत. पण त्यांचा खरा जीव एका नियमावर. तो त्यांनी ऑकलंडहून आणलेल्या छापील कागदावर सहावा होता, शिकवताना मात्र त्या तोच पहिला घेत.

"वाद घालायचा नाही," त्या बोट नाचवत म्हणायच्या. "ते म्हणतील ती पूर्व दिशा. ते म्हणाले आज रविवार, तर रविवार. ते म्हणाले तू राणी, तर राणी. लगेच पगार मागू नका एवढंच."

मग विनिफ्रेडची गोष्ट यायची. "गोरी म्हातारी, नव्वदीची. आंघोळ म्हटलं की चावायला यायची. एक दिवस मला म्हणते, 'डोरीस, आईनं दार लावलं का?' डोरीस म्हणजे तिची बहीण. आता मी ही अशी, भोपळ्याएवढी. डोरीस असणार काडीसारखी. पण मी म्हटलं, 'लावलं गं विनी.' झालं! कोकरासारखी आली न्हाणीत. सात वर्षं मी डोरीस होते. नवऱ्याची बायको तरी तेवढी टिकून होते का?"

बायका खिदळायच्या. दर वर्गात तीच गोष्ट, त्याच जागी हशा. त्या हशात एवढं मात्र ना बायकांच्या लक्षात आलं ना बाईंच्या, की तिथली बहीण वेगळी आणि आमच्याकडची वेगळी.

खरं तर पिसिलाबाईंना हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा सख्खा भाऊ लिसियाते रस्त्याच्या पलीकडे राहायचा. बारा वर्षांचा झाल्यावर तो घरातून उठून पोरांच्या वेगळ्या खोपीत झोपायला गेला, आणि त्यानंतर बहीणभाऊ एका छपराखाली झोपले नाहीत. बाई पुढच्या दारानं आत आल्या की तो मागच्या दारानं बाहेर. भांडण नव्हे हो, मान. मित्रांच्या घोळक्यात चावट गोष्ट ऐन रंगात आलेली असली आणि बाई नुसत्या रस्त्यानं गेल्या, तरी तो मध्येच थांबायचा. बहिणीच्या डोळ्यांसमोर भाऊ सदऱ्याचं वरचं बटणही उघडं ठेवत नाही. हे सगळं बाईंच्या हाडामांसात होतं. वर्गात बसल्या की मात्र हाडंमांस बाजूला राहायचं आणि छापील कागद बोलायचा.

त्या वर्षीच्या वर्गात फाताई नावाची एक बाई होती. पस्तिशीची, मान खाली घालून लिहिणारी. नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, घरी सासू आणि दोन मुली. सहाही आठवडे एक दिवस चुकली नाही. प्रशस्तिपत्र देताना बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या आजारपणात मला हीच पाहिजे." फाताईनं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून, न दुमडता घरी नेलं.

तिला पहिलं घर मिळालं कोलोवाई गावातलं. पेनिसिमानी मास्तर, वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तेवढीच वर्षं चर्चमध्ये गाणं बसवलं. अर्ध्या गावाचा आवाज त्यांनी घासूनपुसून सरळ केलेला. आता त्यांना सकाळचा चहा दुपारी आठवत नसे. बायको गेलेली. मुलगी मेलेआने कस्टमच्या कचेरीत नोकरीला, आणि बापाच्या डोक्याला मुलीनं हात लावायचा नसतो, तेव्हा न्हाऊमाखू घालायला बाहेरचंच माणूस हवं होतं.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी फाताईनं बाईंना फोन केला.

बाई हॉलच्या दारात उभ्या होत्या. न्यूझीलंडहून पाहुणे यायचे होते, वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की नाही ते ठरवणारे. झाडाची साल कुटून केलेल्या कापडाची लांबलचक पायघडी बायकांनी उलटी अंथरली होती आणि बाईंचा पारा चढला होता.

"बाई, मास्तर मला एलेनोआ म्हणतात."

"मग?"

"एलेनोआ म्हणजे त्यांची बहीण. थोरली. बारा वर्षं झाली जाऊन." फाताई थांबली. "आज आंघोळ घालायची आहे. हो म्हणू का मी?"

बाईंना ते खटकलं. हे आपण खात्रीनं सांगतो, कारण पुढे त्यांनीच ते कबूल केलं. बहीण हा शब्द त्यांनी ऐकला, आंघोळ हाही ऐकला, आणि 'थांब, मी येते' हे त्यांच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. पायघडी अजून उलटीच होती.

"नियम काय आहे आपला?" बाई म्हणाल्या.

"म्हणतील ती पूर्व दिशा."

"मग झालं तर." आणि त्यांनी फोन ठेवला.

पाहुणे खूश होऊन गेले. डुक्कर छान भाजलं होतं, बायका छान नाचल्या होत्या, आणि बाईंनी विनिफ्रेडची गोष्ट इंग्रजीत सांगितली तेव्हा तर पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोलोवाईत त्याच वेळी फाताई म्हणाली होती, "हो, मी एलेनोआ." पलंगाच्या कडेला बसलेल्या मास्तरांनी एकदम नजर खाली टाकली आणि ते उठायला लागले. फाताईला वाटलं, तोल जातोय. तिनं शिकवल्याप्रमाणे कोपराला धरलं, शिकवल्याप्रमाणे गोड बोलली, आणि सदऱ्याची दोन बटणं काढली. मास्तर असे ओरडले की शेजारची माणसं कुंपणाशी आली. छातीवर हात आवळून, पलंगावरची चटई अंगाभोवती ओढून म्हातारा मागच्या दारानं बाहेर पडला आणि अंगणातल्या चुलीच्या खोपटात जाऊन बसला. तो पुन्हा घरात आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये वर्ग चालवणाऱ्या मंडळाची बैठक बसली. मंडळाचे अध्यक्ष सोसाया, पाद्रीबाबा, पिसिलाबाई, आणि समोर चटईवर फाताई. मेलेआने बसलीच नाही, उभ्यानंच बोलली.

"माझ्या बापाला तू सांगितलंस, मी तुझी बहीण. आणि वर त्याच्या सदऱ्याला हात घातलास?"

कोणीतरी जीभ चावली. पाद्रीबाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

"कुठल्या घरात वाढलीस गं तू? भाऊ नाहीत तुला?"

"आहेत. तीन," फाताई म्हणाली.

"मग काय तिघांनाही अशीच आंघोळ घालतेस?"

फाताईचे कान लाल झाले. तिनं मांडीवरच्या वहीवर हात ठेवला. "मलाही ते बरं वाटत नव्हतं. म्हणून बाईंना फोन केला होता. बाई म्हणाल्या, हो म्हण."

सगळे पिसिलाबाईंकडे वळले.

माणूस खोटं बोलायचं ठरवतं तेव्हा त्याला फार वेळ लागत नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं. वर्ग बंद होईल. पाहुण्यांना पत्र जाईल. परदेशात राहून आपली रीत विसरली, असं गाव म्हणेल. एवढं सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं आणि बाई म्हणाल्या, "तसा काही फोन झाल्याचं मला आठवत नाही."

फोन नव्हताच, असं म्हणाल्या असत्या तर ते धडधडीत खोटं झालं असतं. आठवत नाही, हे त्यातल्या त्यात सभ्य. स्मृतिभ्रंशाचा वर्ग चालवणाऱ्या बाईंनी नेमकं हेच वाक्य निवडलं, याला काय म्हणावं!

फाताईनं वर पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बाईंना पुढे इतका त्रास झाला नसता. तिथे फक्त गोंधळ होता. मग तिनं मान खाली घातली. "माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल," ती म्हणाली.

वडीलधाऱ्या बाईला भर बैठकीत खोटं पाडणारी ती नव्हती. तिचं नाव यादीतून काढलं. दुसऱ्या दिवशी प्रशस्तिपत्र परत आलं, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.

पुढचे दिवस बाईंना गोड लागले नाहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. नव्या वर्गात सहावा नियम त्या भरभर वाचून पुढे जायच्या. विनिफ्रेडची गोष्ट त्यांनी दोनदा सुरू केली आणि दोनदा मध्येच सोडली. बाजारात बायका फाताईबद्दल बोलायच्या, "भावाच्या सदऱ्याला हात घालणारी ती हीच का गं?" आणि बाई कोनफळं निवडत असल्याचं सोंग करायच्या. फाताईच्या सासूनं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाई कोलोवाईला गेल्या. नवी मदतनीस बघते, असं निमित्त. नवीन बाईला मास्तरांना खोपटातच खाऊ घालावं लागत होतं. ते चुलीपाशी नारळ खवायच्या बैठकीवर बसले होते. डोळे धुरानं लाल, गालफडं बसलेली, अंगाला वास. खोकला आला की सगळा म्हातारा हलायचा.

"मास्तर, आत का नाही जात?" बाईंनी विचारलं.

"आत ताई आहे." मास्तर कुजबुजले. "हळू बोल जरा. तिला ऐकू जाईल."

मेलेआनेनं बाईंना बाजूला नेलं. "डॉक्टर म्हणाले, कफ छातीत धरलाय. धुरातून आणि ओलीतून उठवा, नाहीतर पंधरा दिवसही काढणार नाहीत. उठवू कशी? दोन माणसांनी उचलून आत नेलं तर हातपाय झाडून पडले. मी सांगितलं, आत्या गेली हो, बारा वर्षं झाली. तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. आणि मग तर हलेचनात! बहिणीच्या मयताला भावाची जागा कुठे? चुलीपाशीच ना! आत प्रेताजवळ थोडीच जाणार तो? सकाळी ते सगळं विसरले, आणि आत्या पुन्हा जिवंत होऊन घरात." तिनं डोळे पुसले. "त्या फाताईचं तळपट होवो."

बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "बघू काहीतरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि बस पकडून परत आल्या. बसमध्ये त्यांना रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं तर म्हणाल्या, धूर गेला डोळ्यांत.

रविवारी चर्च सुटल्यावर भावजय लोसे रस्ता ओलांडून तणतणत आली. हातात अळूच्या पानात शिजवलेल्या मांसाचं ताट, तोंडात तक्रार.

"तुमच्या भावाला सांगा काहीतरी वन्सं. पायाची जखम चिघळलीय, साखर वाढलीय, आणि हे म्हणतात दवाखाना नको. आठवडाभर माझा घसा बसला."

"सांग त्याला, पिसिलानं सांगितलंय, उद्या पाय दाखवून ये," बाई सहज म्हणाल्या. त्यांचं लक्ष ताटातही नव्हतं.

लोसे गेली आणि पाचच मिनिटांत परत दारात. "जातो म्हणाले! शर्टाला इस्त्री कर म्हणाले! म्हणजे मी सांगितलं की ती कटकट, आणि तुम्ही सांगितलं की बायबल?"

"बहिणीचा मान आहे बाई आपल्याकडे," बाई म्हणाल्या आणि बोलता बोलता गप्प झाल्या. बहिणीचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही. मास्तरांना चुलीपासून उठवणारं माणूस या जगात एकच होतं, एलेनोआ. ती बारा वर्षांपूर्वी वावाऊ बेटावर मातीत गेली. आणि दुसरी एलेनोआ पिसिलाबाईंनी फोनवरून तयार केली होती.

सोमवारी त्या फाताईच्या दारात गेल्या. सासू अंगणात लाकडी मोगरीनं साल कुटत होती. बाईंना बघून तिचा हात थांबला, पण ये म्हणाली नाही. फाताई पायरीवर नारळ खवत होती. बाई तिच्यासमोर अंगणात, नुसत्या मातीवर बसल्या. चांगला झगा, कमरेला मानासाठी गुंडाळलेली चांगली चटई, आणि खाली माती.

"अहो बाई, खाली काय बसता? चटई आणते."

"नको." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "फोन आला होता. तू म्हणालीस, बहीण. तू म्हणालीस, आंघोळ. मी म्हटलं, हो म्हण. सगळं जसंच्या तसं. तू काही चुकीचं ऐकलं नव्हतंस."

फाताईचा हात खवणीवर थांबला.

"तीन आठवडे मी तेच आठवतेय," ती म्हणाली. "म्हटलं, लाईन खराब होती का? मी नीट विचारलंच नव्हतं का? की फोन केलाच नव्हता, नुसतं मनात आलं होतं?" तिनं आपल्या कपाळावर बोट ठेवलं. "मला वाटलं, माझंही मास्तरांसारखं व्हायला लागलं. मुलींच्या वाढदिवसांच्या तारखा घोकून बघायचे मी, आठवतात का ते."

हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. फाताईचं नाव घेतलं, काम घेतलं, एवढं त्यांनी मोजून ठेवलं होतं. तिचा स्वतःवरचा विश्वासही आपण उचलून नेला, हे आज कळत होतं. त्यांना तिथेच मातीत तोंड खुपसावंसं वाटलं.

सासूनं मोगरी उचलली आणि सालीवर असा दणका हाणला की कोंबड्या उडाल्या.

बाईंनी मास्तरांचं सांगितलं. धूर, खोकला, डॉक्टरांचे पंधरा दिवस. काय करायचं ते सांगितलं.

"येते मी," फाताई म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, बाई."

"माहीत आहे. आधी मास्तरांना आत आणू. मग मी सगळ्यांना सांगणार आहे."

फाताईनं खवलेला नारळ आत नेला. 'मग' या शब्दावर ती काहीच बोलली नाही.

मेलेआने महामुश्किलीनं तयार झाली. "कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही तिनं," म्हणाली. बाईंनी तिला फक्त एवढंच सांगितलं की मास्तरांच्या डोक्यात एलेनोआ म्हणून हीच बसली आहे. फोनचं तेव्हाही नाही सांगितलं. घाई आहे, नंतर सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजावण्यात बाई पटाईत होत्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फाताई खोपटामागच्या रस्त्यावर उभी राहिली. गावाला निघाल्यासारखी. हातात पिशवी, कमरेला सणाची चटई, मास्तरांकडे पाठ. बहीण भावाशी थेट तोंडाला तोंड लावून बोलत नाही, तेव्हा ती मेलेआनेला हाक मारून मोठ्यानं बोलली.

"पोरी, माझ्या भावाला सांग, मी निघाले. दुपारची बोट आहे वावाऊची. नवरा वाट बघतोय. घर आता मोकळं आहे, म्हणावं. त्यानं आत जावं, जेवावं, पलंगावर झोपावं. अंग धुवायला जी बाई येईल तिचं ऐकावं. हे माझं सांगणं आहे."

खोपटात मास्तरांनी मान आणखी खाली घातली. सगळे बघत होते, आता उठतील. ते उठले नाहीत.

"मेलेआने," ते म्हणाले, "तिला विचार, रागावली नाही ना?"

"कशाबद्दल, बाबा?"

"मी तिच्यासमोर उघडा होतो." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. त्याच आवाजानं कधीकाळी शंभर माणसांचा ताल सांभाळला होता. "ती आत आहे हे मला कळायला हवं होतं. माझं चुकलं. लाज माझी आहे. तिला सांग, म्हणून मी इथे बसलोय. ती ऊठ म्हणेल तेव्हाच उठेन."

सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारा घाबरून पळाला. तो पळाला नव्हता. तो शिक्षा भोगत होता. सकाळचा चहा ज्याला दुपारी आठवत नाही, त्यानं न केलेली चूक तीन आठवडे विसरू दिली नव्हती स्वतःला. आणि जिला सगळं लख्ख आठवत होतं ती बाई नारळाच्या झाडाला टेकून उभी होती.

फाताईच्या खांद्यांवरून कळत होतं की ती रडतेय. पण आवाज तिनं थोरल्या बहिणीचा ठेवला. "सांग त्याला, त्याचं काही चुकलेलं नाही. चूक बाहेरून आली होती. ऊठ म्हणावं आता. माझी बोट चुकेल."

मास्तर उठले. भिंत धरून, चटई सावरून, रस्त्याकडे एकदाही न बघता ते पायरी चढले आणि आत गेले. आतून पलंग करकरला. नव्या मदतनीस बाईनं पाणी ओतल्याचा आवाज आला.

मेलेआने ओंजळीत तोंड धरून रडली. मग कुंपणापाशी गेली. "फाताई, मोठ्या मनानं आलीस," ती म्हणाली. "चूक माणसाकडूनच होते. झालं गेलं विसर. मी तुला माफ केलं."

पिसिलाबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही काही कळलं नसतं. मास्तर आत होते, मेलेआनेनं माफ केलं होतं, फाताईही बोलणार नव्हती. सगळं जागच्या जागी बसलं होतं, फक्त चुकीच्या माणसावर.

"तिला कसली माफी देतेस?" बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "तिनं विचारलं होतं मला. फोन आला होता. मास्तर बहीण म्हणतात हे सांगूनच तिनं विचारलं होतं, आणि मी हो म्हण म्हटलं."

मेलेआने वळली. "पण त्या दिवशी बैठकीत तुम्ही..."

"आठवत होतं."

"सगळं?"

"सगळं. त्या दिवशीही, आणि मी इथे येऊन मास्तरांना धुरात बघून गेले तेव्हाही. तू हिचं तळपट काढलंस तेव्हाही."

"का?"

बाईंकडे कारणं होती. वर्ग होता, पाहुणे होते, पुढच्या वर्षीच्या वीस बायका होत्या. "भ्याले," त्या म्हणाल्या.

मेलेआने त्यांच्याकडे बघत राहिली. "माझा बाप तीन आठवडे बसला तिथे," ती हळू म्हणाली, आणि तिनं त्यांच्याकडे पाठ केली. मग फाटक उघडून रस्त्यावर गेली, आणि तिनं फाताईचे दोन्ही हात धरले. "आत ये. चहा घे. कामावर परत ये. बाबांना तुझ्यासारखं कोणी बघणार नाही."

फाताईनं घराकडे पाहिलं. आत मास्तर काहीतरी गुणगुणत होते, सूर अजून पक्का होता.

"मी कशी येऊ?" ती म्हणाली. "मी वावाऊला गेलेय ना."

मेलेआनेला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. फाताई पिशवी उचलून बसच्या थांब्याकडे चालू लागली. पिसिलाबाई तिच्यामागून निघाल्या. बरोबरीनं चालायचा धीर होईना, म्हणून चार पावलं मागे.

थांब्याशी पोचल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या मंडळाची बैठक आहे. सोसायांना, पाद्रीबाबांना, सगळ्यांना सांगते. तुझं पत्र परत देते. पाहुण्यांनाही लिहिते."

बस येताना दिसत होती. फाताईनं कमरेची चटई नीट केली.

"सांगा, बाई," ती म्हणाली. "आठवणीनं सांगा."